तळ्याहून बालेवाडी किती दूर?
(मुलींच्या हॉकीविषयी शिक्षक व पंचायत सदस्यांपुढील भाषण)



तळ्यासारख्या डोंगराळ तालुक्यात हॉकीविषयी बोलावयाचे म्हटले की प्रथम स्मित उमटते, आणि ते स्वाभाविक आहे. रायगड जिल्हा हा कबड्डीचा जिल्हा. येथल्या वाडीवाडीवर कबड्डीचा संघ आहे, आणि भातकापणी आटोपली की रिकाम्या खाचरांतून टेनिसच्या चेंडूचे क्रिकेट सुरू होते. हॉकीची स्टिक मात्र तालुक्यातील बहुतेक शाळांच्या कपाटात शोधूनही सापडणार नाही. मग येथे या खेळाचा विचार कशासाठी? तो एका अंतरासाठी करावयाचा आहे. तळ्याहून माणगाव, निजामपूर, ताम्हिणीचा घाट आणि मुळशीवरून पुण्याच्या पश्चिम अंगाला असलेल्या बालेवाडीला जाता येते. सातारा जिल्ह्यातील फलटणहून बालेवाडी जितकी लांब, साधारण तितकीच ती तळ्याहूनही आहे. असे असता फलटण तालुक्यातील मुली बालेवाडीला पोहोचल्या आणि तेथून जपान, चिली, दक्षिण आफ्रिका व ओमानपर्यंत देशाच्या वतीने खेळून आल्या. ते कसे घडले हे समजून घेतले, तर या तालुक्याने काय करावे हे ठरविणे सोपे जाईल.

११ जून २०२३ या दिवशी जपानच्या गिफू प्रांतातील काकामिगाहारा या गावी मुलींच्या कनिष्ठ गटाच्या आशिया चषक हॉकी स्पर्धेचा अंतिम सामना झाला. एका बाजूस भारत, दुसऱ्या बाजूस दक्षिण कोरिया. भारताच्या मुलींनी हा चषक तोवर कधीही जिंकला नव्हता. यापूर्वी एकदाच, २०१२ साली बँकॉक येथे, त्या अंतिम फेरीपर्यंत गेल्या होत्या आणि चीनकडून ५-२ असा पराभव पत्करून परतल्या होत्या. यावेळी गटातील सामन्यात कोरियाशी २-२ अशी बरोबरी झालेली होती. म्हणजे प्रतिपक्ष तुल्यबळ आहे हे दोन्ही संघांना ठाऊक होते. उपांत्य सामन्यात यजमान जपानला भारताने अवघ्या एका गोलाने हरविले. तो गोल सुनेलिता टोप्पो हिने सत्तेचाळिसाव्या मिनिटाला केला, आणि त्या एका गोलाने पुढील कनिष्ठ विश्वचषकाचे द्वारही उघडले.

अंतिम सामन्याच्या पहिल्या पंधरा मिनिटांत कोणीही गोल केला नाही. बाविसाव्या मिनिटाला भारतास पेनल्टी स्ट्रोक मिळाला. गोलापासून ६.४० मीटर अंतरावर चेंडू ठेवलेला, समोर एकटी गोलरक्षक, आणि बाकीच्या सर्व खेळाडू दूर उभ्या. अन्नू हिने तो चेंडू जाळ्यात घातला. तीनच मिनिटांनी कोरियाच्या पार्क सेओ-येऑन हिने बरोबरी साधली. मध्यांतरानंतर, एकेचाळिसाव्या मिनिटाला, पेनल्टी कॉर्नरवर नीलम हिने दुसरा गोल केला आणि तोच निर्णायक ठरला. शेवटच्या पंधरा मिनिटांत कोरियाला बरोबरी साधता आली नाही. सामना २-१ असा संपला.

पेनल्टी कॉर्नर म्हणजे काय हे येथे थोडे थांबून सांगितले पाहिजे, कारण आजच्या हॉकीचे मर्म त्यात आहे. आक्रमक संघाची एक खेळाडू मागच्या रेषेवरून चेंडू वर्तुळाबाहेर ढकलते. बचाव करणाऱ्या संघाच्या गोलरक्षकासह केवळ पाच खेळाडू गोलरेषेमागे असतात. बाकीच्यांना मैदानाच्या मध्यरेषेपलीकडे जावे लागते. वर्तुळाबाहेर एक खेळाडू चेंडू अडवते, दुसरी तो फटकावते किंवा स्टिकने ओढून फेकते. हे सारे पुरते दोन-तीन सेकंदांचे काम आहे. चेंडू ढकलणारी, अडवणारी आणि मारणारी अशा तिघींचा ताल किंचित चुकला तरी संधी वाया जाते. हा ताल साधण्यासाठी एकच कृती हजारो वेळा करावी लागते. ती एकटीने करता येत नाही, आणि उंचसखल जमिनीवरही करता येत नाही. नीलमच्या त्या एका फटक्यामागे किती सकाळी खर्ची पडल्या असतील याची कल्पना यावरून यावी.

या विजयी संघात महाराष्ट्राच्या वैष्णवी फाळके आणि ऋतुजा पिसाळ या दोघी होत्या. वैष्णवी ही फलटण तालुक्यातील आसू गावची, आणि ऋतुजाही सातारा जिल्ह्यातलीच. स्पर्धेच्या पहिल्याच सामन्यात भारताने उझबेकिस्तानचा २२-० असा धुव्वा उडविला. त्यातील सर्वांत पहिला गोल तिसऱ्या मिनिटाला वैष्णवीने केला होता. बावीस गोलांच्या विजयाचे फार कौतुक करू नये हे खरे. तो सामना बरोबरीचा नव्हताच. पण जून २०२२ मध्ये डब्लिन येथे तेवीस वर्षांखालील पाच राष्ट्रांच्या स्पर्धेत भारताच्या कनिष्ठ संघाचे कर्णधारपद याच मुलीकडे सोपविण्यात आले होते, याची नोंद मात्र अवश्य घेतली पाहिजे. पुढे २०२३ मध्ये हांगझोऊ येथे झालेल्या आशियाई क्रीडा स्पर्धेत भारतीय महिलांनी जपानला २-१ असे हरवून कांस्यपदक मिळविले, त्या वरिष्ठ संघातही ती होती.

तिसरे नाव अक्षता ढेकळे हिचे. तीही फलटण तालुक्याचीच. एप्रिल २०२२ मध्ये दक्षिण आफ्रिकेतील पॉचेफस्ट्रूम येथे कनिष्ठ विश्वचषक झाला. भारतीय मुली उपांत्य फेरीपर्यंत गेल्या, आणि कांस्यपदकाच्या सामन्यात इंग्लंडशी २-२ अशी बरोबरी झाल्यावर शूटआऊटमध्ये हरल्या. चौथा क्रमांक आला. त्या संघात अक्षता होती. चौथा क्रमांक हा आपल्याकडे अपयश म्हणून सांगण्याची रीत आहे. परंतु १९८० साली मॉस्को ऑलिंपिकमध्ये महिला हॉकीचा प्रथमच समावेश झाला, तेव्हाही भारताचा क्रमांक चौथाच होता, आणि दोनच वर्षांनी दिल्लीच्या आशियाई स्पर्धेत याच देशाच्या महिलांनी सुवर्णपदक पटकावले. त्या सुवर्णपदक विजेत्या संघाची कर्णधार एलिझा नेल्सन ही पुण्याची. तेव्हा महाराष्ट्राच्या मुली आणि हॉकी हे नाते आजचे नव्हे. फरक पडला आहे तो गावांत. पूर्वी हे नाते पुण्यामुंबईच्या मैदानांपुरते होते. आता ते आसूसारख्या गावापर्यंत गेले आहे.

पराभवाचीही हकिगत सांगितली पाहिजे. काकामिगाहारानंतर सहाच महिन्यांनी चिली देशातील सॅंटियागो येथे कनिष्ठ विश्वचषक झाला. भारताने कॅनडावर १२-० अशी मात केली. पण जर्मनीकडून ४-३ आणि बेल्जियमकडून ३-२ असा निसटता पराभव झाला, आणि पदकाची वाट तेथेच बंद झाली. उरले ते नवव्या क्रमांकासाठी खेळणे. घरापासून अर्ध्या जगाच्या अंतरावर, पदकाची आशा संपल्यावर, नवव्या जागेसाठी जीव तोडून खेळावे ही गोष्ट वाटते तितकी सोपी नाही. अमेरिकेविरुद्धचा तो सामना २-२ असा सुटला, शूटआऊटही बरोबरीत गेला, आणि अखेर ‘सडन डेथ’मध्ये ऋतुजा पिसाळने गोल करून निकाल लावला. पदक नाही, मिरवणूक नाही. वृत्तपत्रात आतल्या पानावर चार ओळी. शाळेत मुलांना खेळाविषयी सांगताना शिक्षकांनी काकामिगाहाराच्या आधी हा सामना सांगावा.

आता प्रश्न असा की फलटण तालुक्यातील मुलींच्या हाती हॉकीची स्टिक आली कशी, आणि त्या पुढे गेल्या कशा?

याचे उत्तर दोन जागी आहे. पहिली जागा म्हणजे शाळेचे मैदान आणि त्या मैदानावर नियमाने उभा राहणारा शिक्षक. दुसरी जागा बालेवाडी. १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेसाठी तेथे श्री शिवछत्रपती क्रीडासंकुल उभे राहिले, आणि १९९६ पासून राज्य शासनाने क्रीडा प्रबोधिनीची योजना सुरू केली. निवडलेल्या मुलामुलींचा निवास, आहार, शिक्षण आणि प्रशिक्षण यांचा भार शासन उचलते. वैष्णवी आणि अक्षता या दोघी बालेवाडीच्या या प्रबोधिनीतूनच पुढे आल्या.

प्रबोधिनीची निवड कशी होते ही माहिती तळ्यासारख्या तालुक्यास सर्वांत महत्त्वाची आहे, आणि नेमकी तीच तेथे पोहोचत नाही. आठ ते चौदा या वयोगटातील मुलांच्या शारीरिक क्षमतेच्या चाचण्या घेतल्या जातात. उंची आणि वजन मोजतात. तीस मीटर धावायला लावतात, उभ्याने लांब उडी मारायला सांगतात, मेडिसिन बॉल फेकायला देतात, दहा-दहा मीटरच्या येरझाऱ्या घालायला लावतात, पुढे वाकून हात किती पोहोचतो ते पाहतात, आठशे मीटरची धाव घेतात. या यादीत हॉकी कोठेही नाही. मुलीने स्टिक कधी हातात धरलेली नसली तरी तिची निवड होऊ शकते. जी मुलगी रोज दोन चढ चढून शाळेत येते, खेळाच्या तासाला जी सर्वांच्या पुढे असते आणि जिच्याविषयी शिक्षक आपसांत ‘पोर भारी चपळ आहे’ एवढेच बोलून गप्प बसतात, तिच्यासाठी ही चाचणी आहे. तालुक्याच्या पातळीवर या चाचण्यांची सूचना येते, ती मुख्याध्यापकांच्या टपालात पडते, आणि टपालातून फायलीत जाते. फाईल नीट असते, मुलगी मात्र तेरा-चौदा वर्षांची होऊन जाते. वय हेच येथे भांडवल आहे, आणि ते दरवर्षी एक एक वर्षाने कमी होते.

यापुढचा अडथळा टपालाचा नाही, घराचा आहे. अकरा-बारा वर्षांची मुलगी आईवडिलांपासून दूर वसतिगृहात ठेवायची हा निर्णय कोणत्याही घरास जड जातो. कोकणातल्या घरास तो आणखी जड जातो, कारण येथले पुरुष आधीच नोकरीधंद्यासाठी मुंबईला असतात, आणि मोठी मुलगी ही आईचा उजवा हात असते. पाणी, धाकटी भावंडे, लावणीचे दिवस, हे सारे तिच्या वाट्याचे असते. ‘मुलीने खेळून काय मिळवायचे?’ हा प्रश्न अडाणीपणाचा म्हणून झटकून टाकण्याचे कारण नाही. तो हिशेबाचा प्रश्न आहे आणि त्यास हिशेबानेच उत्तर द्यावे लागेल. प्रबोधिनीत शाळा सुटत नाही. दहावी-बारावीच्या परीक्षेत खेळाडूंना सवलतीचे क्रीडागुण मिळतात. शासकीय सेवेत प्रावीण्यप्राप्त खेळाडूंसाठी पाच टक्के जागा राखीव आहेत. काकामिगाहाराच्या विजयानंतर हॉकी इंडियाने संघातील प्रत्येक खेळाडूस दोन लाख रुपयांचे पारितोषिक जाहीर केले. या गोष्टी आईवडिलांना सांगाव्या, पण एवढ्यावर थांबू नये. वसतिगृहात रात्री मुलींजवळ कोण असते, मासिक पाळीच्या दिवसांत मुलगी कोणाशी बोलेल, घरी कितीदा येता येईल, खेळात जमले नाही तर परत शाळेत प्रवेश मिळेल काय, हे प्रश्न आई विचारणारच. सरपंच वा शिक्षक यांच्यापैकी कोणी त्या आईला घेऊन एकदा ताम्हिणीचा घाट ओलांडावा आणि ते वसतिगृह तिला तिच्या डोळ्यांनी पाहू द्यावे. छापील पत्रकाने जे होणार नाही ते एका दिवसाच्या प्रवासाने होईल.

मैदानाचा प्रश्न राहतो. हॉकीचे पुरे मैदान ९१.४० मीटर लांब आणि ५५ मीटर रुंद. १९७६ च्या मॉंट्रियल ऑलिंपिकपासून आंतरराष्ट्रीय हॉकी गवत सोडून कृत्रिम हिरवळीवर गेली आणि खेळाचे रूपच पालटले. चेंडू वेगाने सरकू लागला, आणि ग्रामीण भागातील खेळाडूंस ते मैदान परके झाले. तळ्याच्या परिसरात एक तर चढ, नाहीतर जांभ्याचा सडा, आणि जी सपाट जमीन आहे ती भाताची. त्यात पावसाळ्याचे चार महिने मैदान म्हणजे चिखल. येथे कृत्रिम हिरवळीची मागणी करणे म्हणजे मागणीचा कागद करणे, एवढेच होईल.

परंतु मैदान नाही म्हणून खेळ नाही, हे सर्वत्र खरे नसते. लडाखच्या मुलींचे उदाहरण पाहावे. त्यांचा खेळ आइस हॉकी, म्हणजे गोठलेल्या बर्फावर पायांत धारदार पात्यांचे बूट घालून खेळावयाची हॉकी. एका वेळी प्रत्येक बाजूस गोलरक्षकासह सहा खेळाडू, आणि चेंडूऐवजी रबराची चपटी चकती. आपल्या देशात या खेळास लागणारे नैसर्गिक बर्फ वर्षातून दोन-तीन महिनेच मिळते, तेही हिमालयातल्या गोठलेल्या तळ्यांवर. भारताच्या महिला संघात मुख्यत्वे लडाखच्या आणि काही हिमाचलातील स्पितीच्या मुली असतात. २०१६ साली हा संघ प्रथमच आंतरराष्ट्रीय स्पर्धेत उतरला, तेव्हा खर्चासाठी लोकवर्गणी गोळा करावी लागली. २०१७ मध्ये बँकॉक येथे फिलिपिन्सला ४-३ असे हरवून त्यांनी पहिला विजय मिळविला. २०२५ मध्ये संयुक्त अरब अमिरातीतील अल ऐन येथे झालेल्या आशिया चषकात त्यांनी कांस्यपदक जिंकले. वाळवंटातल्या शहरात कृत्रिम बर्फावर लडाखच्या मुलींनी पदक मिळवावे, यात गंमत आहे खरी. पण कामाची गोष्ट निराळी. त्या मुलींनी वर्षातले जे दोन-तीन महिने हाती होते ते वाया घालविले नाहीत. हिवाळा लागला की तळे गोठते, आणि तळे गोठले की खेळ सुरू होतो.

कोकणातही असे हाती असलेले महिने आहेत, फक्त ते पावसाळ्यानंतर येतात. मग अकरा-अकरा खेळाडूंचा संघ कोठून आणावा, असे कोणी विचारील. वाडीवरच्या शाळेचा पट कमी, त्यात मुली थोड्या. ही अडचण खरी आहे, आणि तिच्यावरही खेळाच्या रचनेतच एक उपाय निघाला आहे. ‘हॉकी फाइव्हज’ या नावाने प्रत्येक बाजूस पाच खेळाडूंचा खेळ आता आंतरराष्ट्रीय पातळीवर खेळला जातो. त्याचे मैदान पुऱ्या मैदानाच्या निम्म्याहून लहान. चाळीस मीटर लांब व अठ्ठावीस मीटर रुंद जागा असली तरी चालते. जानेवारी २०२४ मध्ये ओमानची राजधानी मस्कत येथे महिलांचा या प्रकारचा पहिला विश्वचषक झाला. भारत अंतिम फेरीत पोहोचला आणि नेदरलँड्सकडून ७-२ असा हरून रौप्यपदकाचा मानकरी ठरला. त्या संघात अक्षता ढेकळे आणि ऋतुजा पिसाळ या दोघी होत्या, आणि अंतिम सामन्यात भारताने केलेल्या दोन गोलांपैकी एक ऋतुजाचा होता. पाच मुली जमविणे कोणत्या शाळेस अशक्य आहे? एका शाळेस अशक्य असेल, तर केंद्रातल्या दोन शाळांनी मिळून जमवाव्या.

निधीची गोष्ट थोडक्यात. क्रीडांगण विकासासाठी शासनाची अनुदान योजना आहे, तालुका क्रीडासंकुलाचीही योजना आहे. प्रस्ताव जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांकडे जातात. जागेचा सातबारा आणि ग्रामसभेचा ठराव व्यवस्थित नसल्याने असे प्रस्ताव परत येतात, हे पंचायत सदस्यांस सांगण्याची आवश्यकता नाही. जागा निश्चित करताना मात्र एक पथ्य पाळावे. मैदान गावापासून दूर, ओढ्यापलीकडे असले की ते मुलांचे होते; मुली तेथे जात नाहीत आणि जाऊही दिल्या जात नाहीत. शाळेस लागून, घरांच्या नजरेत असलेली लहान जागा ही दूरच्या मोठ्या जागेपेक्षा मुलींच्या कामाची. आणि मैदान झाल्यावर त्याचे वेळापत्रक ग्रामपंचायतीच्या फलकावर लिहावे, त्यात मुलींची वेळ स्वतंत्र असावी. नाहीतर हिवाळाभर तेथे क्रिकेटच्या रोख बक्षिसांच्या स्पर्धा चालतील, आणि मुली कडेला उभ्या राहून टाळ्या वाजवतील.

शालेय स्पर्धा चौदा, सतरा आणि एकोणीस वर्षांखालील अशा गटांत होतात. प्रबोधिनीची वयोमर्यादा चौदाची. तेव्हा माध्यमिक शाळेपर्यंत थांबून चालणार नाही. पाचवी ते सातवीच्या वर्गशिक्षकांनीच मुली हेराव्या. त्यासाठी तज्ज्ञ लागत नाही. तीस मीटर अंतर फितीने मोजून चुन्याच्या दोन रेषा ओढाव्या, एक घड्याळ घ्यावे, आणि वर्षातून दोनदा सर्व मुलींना पळवून त्यांचे सेकंद वहीत लिहून ठेवावे. उभ्याने मारलेल्या उडीचे सेंटिमीटर दुसऱ्या रकान्यात. शाळेत अशी वही असेल, तर चाचणीची सूचना आली त्याच दिवशी नावे पाठविता येतील.

भाताची कापणी दिवाळीच्या सुमारास उरकते. शाळेजवळचे एखादे खाचर मालकाच्या संमतीने चार महिन्यांसाठी मागून घ्यावे. कोकणात अशा कामास कोणी सहसा नाही म्हणत नाही. खोडवे जमिनीलगत कापून घ्यावेत, बांधाकडची ढेकळे फोडून धुम्मस फिरवावी, पाणी शिंपून दोन दिवस उन्हात कडक होऊ द्यावे. चाळीस मीटर बाय अठ्ठावीस मीटरची चौकट तेवढ्यात बसते. सुरुवातीस दहा स्टिक आणि चार चेंडू पुरेत. ते नोव्हेंबरात हाती यावयाचे, तर मागणी जुलैच्या मासिक सभेत नोंदविली पाहिजे.